छत्री की तार

३ मार्च, मंगळवार

गच्चीवरच्या सगळ्या छत्र्या एकतीस तारखेपर्यंत उतरवा! जिन्यात कागद चिकटवलाय. गच्ची गळते, नवा थर टाकायचाय, तेव्हा टीव्हीची एकही डिश तिथे राहता कामा नये. काम झाल्यावर ज्याला परत बसवायची त्याने आपल्या जबाबदारीवर बसवावी.

ह्यांना वाचून दाखवला. "चष्मा आत राहिलाय, तूच वाच," म्हणाले. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. त्या गच्चीवरच्या बावीसही छत्र्या ह्यांनीच बसवल्यात. पोटाचा धंदाच तो. चार गल्ल्यांत ह्यांना नावाने कोणी ओळखत नाही, छत्रीवाले काका म्हणतात. त्या बावीसपैकी आता तीन चालू आहेत. बाकीच्या नुसत्या आभाळाकडे आ वासून उभ्या. लोकांनी घरात इंटरनेटची तार घेतली, छत्री उतरवायची तसदीसुद्धा घेतली नाही.

लेकीला तर आयतंच निमित्त मिळालं. "आता परत छत्री नको हं आई. तार घेऊ. माझं ऑफिसचं कामही होईल, टीव्हीही त्यावरच चालेल."

हे म्हणाले, "माझ्या घरात तार येणार नाही."

विषय संपला. म्हणजे सुरू झाला.

४ मार्च, बुधवार

दोघं बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. दोघं माझ्याशी बोलतात. मी म्हणजे पोस्टाची पेटी!

७ मार्च, शनिवार

आज लेक म्हणाली, "तूच ठरव आई. एक मत त्यांचं, एक माझं. तुझं पडेल तिकडे."

सोपं आहे का? छत्रीवर आमचा संसार उभा राहिला. लग्न झालं तेव्हा हे एकटेच काम करायचे, हाताखाली माणूस नव्हता. मग मीच जायची बरोबर. हे वर गच्चीवर छत्री एकेक बोट फिरवणार, मी खाली गिऱ्हाइकाच्या टीव्हीसमोर. वरून ओरडायचे, "आलं का?" मी खिडकीतून ओरडायची, "नाही!" "आता?" "आलं... गेलं! थोडं मागे घ्या!" "आता आलं का?" "आलं, आलं, आलं! हलू नका!"

या इमारतीत राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी आमचा हा तमाशा तासभर चालला होता. शेवटी खालच्या मावशी दारात उभ्या. हातात आल्याचा हा एवढा तुकडा. "केव्हाचे ओरडताय, आलं का, आलं का. घ्या बाई, माझ्याकडे आहे." किती हसलो होतो आम्ही! हे तर जिन्यातच बसले होते पोट धरून. त्यानंतर कित्येक वर्षं घरात काहीही मागायचं झालं की आमचं आधी "आलं का?" व्हायचं.

आता कसलं हसणं. हल्ली तर बोलताना माझ्या तोंडाकडेही बघत नाहीत. मी इथे टेबलाशी, ह्यांची नजर खिडकीत. खिडकीत असं काय आहे? समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी!

९ मार्च, सोमवार

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात आज गर्दी. पोरांना बापाच्या पैशाने रोज नवी फ्रेम हवी असते. जाऊ दे.

संध्याकाळी हे मला न्यायला आले, नेहमीसारखे. बाकावर बसून राहतात मी आवरेपर्यंत. वीस वर्षं त्या बाकावर बसून बसून तिथला डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता ह्यांना पाठ झालाय. तिसऱ्या ओळीत घ आहे, तो दहातले आठ जण ध वाचतात. ह्यांचा ठरलेला विनोद— "इतिहासात ध चा मा झाला, हिच्या दुकानात घ चा ध होतो." मालक दर वेळी नव्याने हसतात. भला माणूस. दर वर्षी ह्यांचे डोळे तपासून देतात. गेल्या वर्षीही तपासले, एक अक्षर चुकलं नाही.

मालक म्हणाले, तो तक्ता पिवळा पडलाय, पुढच्या आठवड्यात नवा येतोय, मागून दिवा लागणारा.

परत येताना वाटेत ह्यांच्या पायाला फुटपाथचा दगड लागला. नखातून रक्त आलं. "लक्ष कुठे असतं तुमचं!" म्हटलं. 

१३ मार्च, शुक्रवार

वाईट संध्याकाळ.

लेकीने मैत्रिणीकडून एक काडी आणली, टीव्हीच्या मागे खोचायची. फोनच्या इंटरनेटवर चालते. म्हणाली, बाबांना एकदा बघू दे, मग नाही म्हणू दे. मलाही पटलं. आंधळ्या विरोधाला काय अर्थ आहे?

टीव्हीवर आधी आलं— कोण बघतंय? खाली रंगीत गोल तोंडं. तिने रिमोट ह्यांच्या हातात दिला. एवढासा रिमोट, आकडे नाहीतच त्याच्यावर, एक गोल चकती आणि चार बटणं. हे चकती दाबत राहिले. तोंडं सरकत राहिली. भलतंच काहीतरी उघडलं, मग भलत्याच भाषेत सुरू झालं.

"बाबा, समोर लिहिलंय ना! मागे जा म्हणून!"

"कळतं मला."

"मग जा ना! एवढं मोठं लिहिलंय!"

रिमोट सोफ्यावर टाकला आणि उठले. "ज्याला बघायचंय त्याने बघा." दाराची कड खांद्याला लागली, तसेच गेले. लेक रडवेली. "बाबा शिकायलाच तयार नाहीत, आई. जुना रिमोट बघ कसा न बघता दाबतात. एकशे सतरा, दोनशे चार. माझं मात्र काही ऐकायचं नाही."

खरंय तिचं. जुन्या रिमोटवर बोटं चालतात ह्यांची, पाचाच्या बटणावर एक बारीक टिंब असतं, तिथून. मला कौतुक वाटायचं त्याचं. आज राग आला.

१४ मार्च, शनिवार

जेवताना विचारलं, माझ्यावर का रागावलात? "नाही रागावलो," म्हणाले. खिडकीला!

१५ मार्च, रविवार

साडेसातची मालिका. दिवसातला हा एकच अर्धा तास आम्ही दोघं शेजारी बसतो. तोसुद्धा आता नकोसा होतो, कारण दर दोन मिनिटांनी, "काय झालं? कोण आलं? ती का गप्प?" समोर चाललंय ना! डोळे मिटून बसता का? असं मी म्हणालेच शेवटी.  मग मालिका संपेपर्यंत हे हात मांडीवर ठेवून बसले होते.

ठरवलं. तार. माझं मत लेकीला. निदान कटकट तरी मिटेल.

१७ मार्च, मंगळवार

आज मला सुट्टी होती म्हणून हे म्हणाले, चल बरोबर, शाळेतल्या बाईंची छत्री हललीय. लेकीच्या शाळेत शिकवायच्या त्या बाई. आता निवृत्त, एकट्या असतात. किती महिन्यांनी कामावर गेले ह्यांच्याबरोबर. ह्यांच्याकडे छत्री लावायचं मीटर आहे, आकडा बघितला की कळतं सिग्नल किती ते. पण ते पिशवीतून काढलंच नाही. म्हटलं, मीटर? "मीटर खोटं बोलतं. माणसाचा आवाज खरा."

मी खाली, हे वर. "आलं का?" "नाही!" "आता?" "नाही!" चाळीस मिनिटं. ऊन हे असं. कठड्याला कमरेपर्यंत उंची नाही. आणि हे मागे मागे सरकत छत्री फिरवतायत, हे मला खिडकीतून वाकून दिसत होतं. माझा जीव खालीवर. चित्र यायचं आणि अडकायचं. शेवटी मी ओरडले, "आलं!"

आलं नव्हतं. खोटं बोलले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. खाली आले की सांगू, थोडा दम खातील, पाणी पितील, एवढंच मनात होतं.

हे खाली आले. टीव्हीसमोर उभे राहिले. पडद्यावर बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड चौकोन चौकोन होऊन गोठलेलं— हनुवटी एकीकडे, डोळे दुसरीकडे. हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघा बाई! कसं स्वच्छ चित्र आलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. ह्यांनी अर्धवट काम कधी कुणाच्या गळ्यात मारलेलं नाही. आज का मारलं? मी घाईघाईने म्हटलं, "पुन्हा गेलं वाटतं, मी जाते वर." मी वर जाऊन फिरवली, बाईंनी खालून सांगितलं. जमली कशीबशी.



१८ मार्च, बुधवार

चष्मा आत राहिलाय. फुटपाथचा दगड. दाराची कड. काय झालं, कोण आलं. मीटर खोटं बोलतं. सकाळचा पेपर दोन वर्षांपासून "काय असतं त्यात" म्हणून बंद केलेला.

नाही. असं नसेल.

दिवसभर दुकानात लोकांना विचारते— हे दिसतं का? आणि आता? खालची ओळ? वीस वर्षं हेच काम. माझ्या घरात मात्र... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मालकांनी तपासले होते की. एक अक्षर चुकलं नव्हतं.

१९ मार्च, गुरुवार

नवा तक्ता सोमवारीच भिंतीवर लागलाय. त्याच्याबरोबर पुठ्ठ्याची एक प्रत आलीय. ती मागून घरी आणली. ह्यांना म्हटलं, "मालकांनी सांगितलंय, वर्ष झालं, घरीच वाचून घ्या. बसा तिकडे." मी भिंतीला पाठ लावून पुठ्ठा छातीशी धरला.

हे हसले. खुर्चीत ताठ बसले, शाळेतल्यासारखे.

"पहिली ओळ— ट. दुसरी— प, न. तिसरी— ग, घ, म. आणि तो घ आहे हां, ध नाही. चौथी— र, ल, द, क. झालं? का पाचवीही म्हणू?"

पुठ्ठ्यावर वरचं पहिलंच अक्षर च. तळहाताएवढं. घ तर पूर्ण तक्त्यात कुठेच नाही.

"बरोबर," म्हटलं मी. "सगळं बरोबर."

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. एवढं पाठांतर! माझ्यासमोर! वीस वर्षं त्या बाकावर माझी वाट बघत बसले, त्याचं हे झालं. आणि मी त्यांना विचारते, डोळे मिटून बसता का. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

कळलं आता तार का नको ते. त्या टीव्हीवर सगळं वाचावं लागतं. जुन्या रिमोटवर बोटं पुरतात. तार घरात आली असती तर एका संध्याकाळीत उघडं पडलं असतं. तसं ते त्या शुक्रवारी पडलंच होतं, आम्हाला कळलं नाही.

आणि हा माणूस गच्चीवर चढतो!

२० मार्च, शुक्रवार

बोलू कशी? बोलले की धंदा गेला. नाही बोलले तर माणूस जाईल.

२२ मार्च, रविवार

सकाळी पक्कड, पाने, दोरी काढली. म्हणाले, "गच्चीवर चाललोय. बावीसच्या बावीस मीच उतरवणार. दुसऱ्याचा हात लागू देणार नाही."

मी दारात आडवी उभी राहिले.

"सरक गं."

"नवा तक्ता आलाय दुकानात," म्हटलं. "त्यात घ नाहीये."

आधी कळलं नाही त्यांना. मग कळलं. पिशवी खाली ठेवली आणि चपला काढायच्या जागेवरच बसले, जमिनीवर.

"तू तर बरोबर म्हणालीस."

"तुम्हीही स्वच्छ चित्र म्हणालात."

मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. आधी रेघा वाकड्या दिसायच्या. मग मधोमध डाग आला. वाटलं, जाईल. नाही गेला. मग वाटलं, सांगितलं की तू गच्ची बंद करशील. गच्ची बंद झाल्यावर मी करू काय? तुझ्या दुकानाच्या बाकावर बसू दिवसभर?"

लेक आतून येऊन उभी होती. सगळं ऐकलं तिने. खाली बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "बाबा, मी त्या दिवशी ओरडले हो तुमच्यावर." हे तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, पहिला हात चुकून कानावर पडला.

२४ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन तास घेतले. डोळ्याचा आतला पडदा खराब झालाय. मधलं गेलंय, कडेचं राहिलंय. मी विचारलं, परत येईल ना? म्हणाले, "गेलं ते गेलं. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू." दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणायला लागले आणि ह्यांचं तोंड बघून थांबले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "गंमत बघ. जन्मभर लोकांच्या पडद्यावर चित्र आणून दिलं. आणि स्वतःचाच पडदा गेला." मला नाही हसू आलं. दोन वर्षं. माझ्या दुकानापासून हे डॉक्टर चार मिनिटांवर आहेत.

२७ मार्च, शुक्रवार

छत्र्या उतरवल्या. बावीस. ऐकलं नाही ह्यांनी. पण या वेळी मी खाली नव्हते, शेजारी होते. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक लेकीच्या हातात, ती टाकीच्या खांबाला टेकून. कठड्याच्या बाजूला मी.

डोळ्यांचं काही कामच नव्हतं. बोटांनी नट शोधायचे, पान्याचा नंबर अंगठ्याने ओळखायचे. "ही पहिल्या मजल्यावरच्यांची. हिचा तिसरा बोल्ट आखूड आहे, त्या दिवशी माझ्याकडे लांब नव्हता." होता आखूड! गंजलेले नट रडले, पण निघाले. दुपारी उन्हामुळे दोन तास थांबलो, पुन्हा चढलो.

आमची शेवटी काढली. खांबावरून सुटली तेव्हा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले थोडा वेळ, मग म्हणाले, "गेलं."

  पान्यांची पिशवी ह्यांनी मला बाईंच्या ओळखीच्या एका कारागिराला देऊन टाकायला सांगितली आहे. मी अजून दिली नाही. पलंगाखाली ठेवलीय.

२९ मार्च, रविवार

तार आली. अर्ध्या तासाचं काम! एक माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, डबी लावली, गेला. वर चढायला नको, खालून ओरडायला नको. हे बाजूला उभे राहून कान देत होते. तो गेल्यावर म्हणाले, "याला विचारावं नाही लागलं कुणाला काही."

लेकीने नव्या रिमोटवरचं बोलायचं बटण ह्यांच्या अंगठ्याखाली आणून ठेवलं. त्याच्यावर नेलपॉलिशचा जाड थेंब टाकलाय, पाचाच्या टिंबासारखा. "बाबा, हे दाबून धरायचं आणि बोलायचं. वाचायचं काही नाही. तुम्ही म्हणाल ते तो शोधतो." हे तिला आधीच ठाऊक होतं. मागच्या काडीच्या रिमोटलाही ते बटण होतं. ज्याला दिसतं त्याला ते कशाला सांगायचं, म्हणून त्या दिवशी तिने सांगितलं नाही. आणि ह्यांनी, दिसत नाही म्हणून, विचारलं नाही. 

ह्यांनी बटण दाबलं. काय बोलावं सुचेना. घसा खाकरला आणि सवयीने ओरडलेच, गच्चीवरून ओरडावं तसं, "आलं का?"

टीव्ही क्षणभर थांबला आणि मग पडदाभर आलं! आल्याची शेती, आलं सोलायची युक्ती, आल्याने सर्दी जाते, आलं वर्षभर कसं टिकवावं.

मला आधी हुंदका आला की हसू, सांगता येणार नाही. "काय दाखवतोय?" म्हणाले. "आलं," म्हटलं. "खालच्या मावशींसारखं. हा एवढा तुकडा." आणि मग हे हसले. जिन्यातल्यासारखे नाही, पण हसले.

 रिमोट हातातच. साडेसातची मालिका लावली. मी न विचारताच सांगत गेले— ती आली, दार लोटलं, आता त्याच्याकडे पाठ करून उभी आहे. असंच सांगावं लागणार आता, रोज.

३१ मार्च, मंगळवार

गच्ची रिकामी झाली. मालिका सांगून संपली तरी हे खिडकीकडेच तोंड करून बसलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "आता तरी लपवायला काही उरलं नाही. एकदा माझ्याकडे बघा ना."

"तुझ्याकडेच बघतोय," म्हणाले. "सरळ बघितलं की तू जातेस. खिडकीकडे बघितलं की येतेस."